पासवर्ड न विचारणारा कॅमेरा

माझी आई नाचते हे मला वयाच्या एकतिसाव्या वर्षी कळलं, तेही दुकानात, लॅपटॉपच्या स्क्रीनवर, दुपारी सव्वातीन वाजता.

दुकान उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये. सीसीटीव्ही कॅमेरे विकायचे, बसवायचे, बंद पडले की जाऊन बघायचं. दुकानाचे शेठ सिंधी, वयाने माझ्या बाबांएवढे. मी तिथे सात वर्षं टेक्निशियन आहे. सुरुवातीला मी गिऱ्हाइकाच्या दारात शिडी घेऊन उभी राहिले की लोक माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारायचे, "ताई, टेक्निशियन कुठे राहिला?" मी शिडीवर चढून भिंतीला ड्रिल लावलं की मग चहा यायचा.

आमचं घर अंबरनाथला, बुवापाड्यात. दोन खोल्या, वर पत्रा, पुढे जरा ओटा. बाबा एमआयडीसीत कामाला, मी दुकानात, म्हणजे दिवसभर आई एकटी. गेल्या वर्षी तिला दुपारी चक्कर आली आणि ती मोरीपाशी पडली. अर्धा तास कोणाला पत्ता नव्हता. त्यानंतर मी बाहेरच्या खोलीत कॅमेरा लावायचं ठरवलं आणि घरात युद्ध पेटलं.

आई म्हणजे आमच्या वस्तीतली दरारा असलेली बाई. रविवारी विहारात वंदना तीच घेते. पोरंटोरं आवाज करायला लागली की ती नुसती मान वळवून बघते आणि सगळं शांत. तिला कॅमेरा म्हणजे अपमान वाटला.

"माझ्यावर पाळत ठेवणार का तू?"

"अगं आई, हा फक्त मला दिसणार. माझा पासवर्ड आहे त्याला. दुसऱ्या कोणाला दिसणं शक्यच नाही."

"शक्यच नाही?"

"शक्यच नाही," मी म्हणाले. छातीठोकपणे म्हणाले.

शेवटी ती एका अटीवर तयार झाली. मी दोनदा फोन करायचा. दोन्ही वेळा तिने उचलला नाही, तरच कॅमेरा उघडायचा. मी ती अट पाळत होते.

त्या दिवशी मी दोनदा फोन केला. तिने उचलला नाही.

दुकानात सकाळीच नवा लॅपटॉप आला होता. नवा म्हणजे कोणीतरी वापरून विकलेला, पण आतून कोरा. जुन्याची अर्धी बटणं दाबली जात नव्हती. नव्यात मी अजून काहीच टाकलं नव्हतं. घरच्या कॅमेऱ्याची लिंक मी मोबाइलवर स्वतःलाच पाठवून ठेवली होती. ती बघून घाईघाईने टाइप केली, एंटर मारला आणि आमची बाहेरची खोली समोर आली.

आईने पदर कमरेला खोचला होता. शेजारच्या काकू खाटेवर बसून टाळ्या वाजवत होत्या. काकूंचा मोबाइल टीव्हीच्या कपाटावर उभा करून ठेवला होता, त्यावर गाणं चालू होतं, म्हणजे आईने फोन का उचलला नाही ते कळलंच. कॅमेऱ्याला आवाज नव्हता. आवाजाशिवाय आई दोन पावलं डावीकडे गेली, दोन उजवीकडे, हात वर केले, मनगटं फिरवली आणि एक गिरकी घेतली. गिरकी अर्ध्यावर अडकली. काकू पोट धरून हसल्या. आईने त्यांना झापलं असावं, कारण त्या सरळ बसल्या. मग आईने पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. दोन डावीकडे, दोन उजवीकडे.

आठ दिवसांनी माझ्या मामेबहिणीची हळद होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सराव चालला होता!

मी तोंडावर ओढणी दाबली. शेठ गिऱ्हाइकाशी बोलत होते, त्यांनी मान वळवून विचारलं, "क्या हुआ बेटा, रो रही है?" मी नुसता हात हलवला. मला हसू आवरत नव्हतं. ही तीच आई, जिच्यासमोर मी शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचले तर घरी आल्यावर म्हणाली होती, "अभ्यासात एवढे पाय हलवलेस तर बरं होईल." आणि ती बघा, दुसऱ्यांदा गिरकी घेतेय. आणि या खेपेला पूर्ण घेतली! मी दुकानात एकटीच टाळी वाजवली.

मग मी पेज बंद केलं, कारण अट दोन फोनांची होती, नाचाची नव्हती. पाणी प्यायले. पुढच्या कामाची बॅग भरायला घेतली. वायरीला लावायची एक पिन बॅगेत टाकली, दुसरी टाकली आणि माझा हात तिथेच थांबला.

पासवर्ड कुठे टाकला मी?

लॅपटॉप कोरा. त्यात काही सेव्ह नव्हतं. पासवर्डचं पेज आलंच नव्हतं.

मी परत लिंक टाकली. आई आणि काकू आता चहा पीत होत्या. पासवर्ड नाही, काही नाही. मोबाइलवर दुकानाचं वायफाय बंद केलं आणि माझ्या नेटवरून बघितलं. चहा. शेठचा मोबाइल मागून घेतला, त्यावर लिंक टाकली. चहा. काकू बिस्किट बुडवत होत्या, तेही दिसलं.

मी काय केलं होतं ते हळूहळू लक्षात आलं. कॅमेऱ्यांच्या वायरी ज्या रेकॉर्डरला जोडतात त्याला आम्ही डीव्हीआर म्हणतो. मोबाइलवरून बघायचं तर त्याचं पेज उघडतं, ते आधी नाव आणि पासवर्ड मागतं, बरोबर असेल तर पुढचं चित्राचं पेज उघडतं. मी कधीतरी लिंक सेव्ह करताना त्या पहिल्या पेजची न करता पुढच्या, चित्राच्या पेजची केली होती. आणि ते पुढचं पेज कोणालाच काही विचारत नव्हतं. तुम्ही पुढच्या दाराने आलात की मागच्या, ते बघायची तसदीच त्या सॉफ्टवेअरने घेतली नव्हती. ज्याला तो पत्ता कळला, तो थेट आमच्या बाहेरच्या खोलीत.

आणि तो पत्ता अवघड नव्हता. प्रत्येक डीव्हीआरला कंपनीचा एक नंबर असतो, तो पत्त्यात येतो. आमच्या नंबरचा शेवटचा आकडा बदलला, तर? माझं बोट त्या आकड्यावर गेलं होतं हे खोटं नाही. मग मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. दुसऱ्याचं घर होतं ते.

त्या वेळी मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर. त्या पाच मिनिटांत मला जे वाटलं ते सांगायला जरा लाज वाटते: मला आनंद झाला होता. उकळ्या फुटत होत्या. एवढी मोठी कंपनी, त्यांचे इंजिनिअर, आणि त्यांच्या कुलपाला कडीच नाही हे कॅम्प चारमध्ये बसून मी शोधलं! मी खुर्चीवरून उठले, दुकानात एक चक्कर मारली, परत बसले, परत उठले.

गिऱ्हाईक गेल्यावर शेठना सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"तेरा पासवर्ड सेव्ह होगा."

"लॅपटॉप कोरा आहे शेठ. तुम्हीच सकाळी आणलात."

"तो तेरा ही बॉक्स खराब होगा. एक पीस. चेंज कर दे."

"तुमच्या घरी पण हाच आहे. बघू? तुम्ही हो म्हणालात तरच."

"देख ना," शेठ हसून म्हणाले. "मेरा पासवर्ड तो मेरी बीवी को भी नहीं पता."

त्यांच्या डीव्हीआरचा नंबर वॉरंटी कार्डावर होता. टाकला. शेठच्या घरातला हॉल समोर आला. सोफ्यावर शेठचे वडील बसले होते, वय ऐंशीच्या पुढे, साखरेचे पेशंट. मांडीवर मिठाईचा बॉक्स. ते एक तुकडा तोंडात टाकायचे, दाराकडे बघायचे, परत एक तुकडा.

शेठचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्यांनी फोन लावला. स्क्रीनवर म्हातारबाबा दचकले, बॉक्स गादीखाली सारला, हात पुसले आणि मग फोन उचलला.

"बाबा, मिठाई नीचे रखो!"

म्हातारबाबांनी आधी दाराकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग छताकडे. शेवटी त्यांना कॅमेरा सापडला. त्यांनी त्याच्याकडे बघून असा हात केला, की मी हसता हसता टेबलाखाली गेले. शेठही हसत होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग फोन ठेवला आणि हसणं एकदम बंद झालं.

"मेरी बहू भी उसी हॉल में बैठती है," ते म्हणाले. "बच्ची भी."

मी पेज बंद केलं.

"कितीजणांना विकले आपण हे मॉडेल?" मी विचारलं.

शेठनी वॉरंटी कार्डांचा गठ्ठा काढला आणि मोजायला सुरुवात केली. चाळीसपर्यंत मोजून त्यांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं असतं तर? तो विचार त्यांच्या मनात येऊन गेला, हे त्यांनी मला नंतर स्वतः सांगितलं. पण त्या वेळी ते एवढंच म्हणाले, "कल से सबको फोन लगा."

संध्याकाळी घरी गेले. आई भाजी निवडत होती. मी ओट्यावर तिच्याशेजारी बसले आणि सगळं सांगितलं. सुरुवात कुठून करायची तेच कळत नव्हतं, म्हणून नाचापासून केली.

आईचा चेहरा मेथीच्या जुडीपेक्षा खाली गेला. "तू बघितलंस?"

"दोनदा फोन केला होता."

"हं. पुढे."

पुढचं सांगितलं. पासवर्ड, पेज, नंबर. तिने सगळं ऐकून एकच विचारलं. "मग आणखी कोणी बघितलं?"

"माहीत नाही, आई. कदाचित कोणीच नाही. पण बघता आलं असतं."

"तू म्हणाली होतीस, शक्यच नाही."

"म्हणाले होते."

ती उठली, आत गेली, बाबांचा टॉवेल आणला आणि कॅमेऱ्यावर टाकला. मग परत येऊन मेथी निवडायला लागली. मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात बाबा आतून चहाचा कप घेऊन बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तेहतीस वर्षं झाली लग्नाला," ते आईला म्हणाले. "मला नाही कधी दाखवलास नाच."

आईने मेथीची काडी फेकून मारली. ती कपात पडली. मग आधी आई हसली, की मी, आठवत नाही. पण पाच मिनिटं आमच्या ओट्यावर कोणालाच बोलता येत नव्हतं आणि शेजारच्या काकू धावत आल्या, काय झालं म्हणून. त्यांना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "अगं बाई, मी पण आहे की त्यात!" आणि पहिलं काम म्हणजे त्यांनी केस सारखे केले.

दुसऱ्या दिवसापासून मी फोन करायला बसले. इलाज तात्पुरता होता आणि सोपा: डीव्हीआरच्या मागची नेटची वायर काढून ठेवायची. रेकॉर्डिंग आत चालू राहतं, फक्त मोबाइलवर दिसत नाही. दोन मिनिटांचं काम. पण फोनवर कोण ऐकणार? "नमस्कार, तुमच्या कॅमेऱ्यात प्रॉब्लेम आहे," एवढं म्हटलं की लोक फोन ठेवायचे. एकाने मला फ्रॉड म्हणून शिव्या घातल्या. एका बाईंनी सांगितलं, तुमचा नंबर मी पोलिसांना देते. बदलापूरच्या एका काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नवीन मॉडेल खपवायचंय ना तुम्हाला? आम्हाला नको." सकाळपासून दुपारपर्यंत तिघांनी वायर काढली.

त्याच दुपारी मी कंपनीलाही मेल लिहिला. माझं इंग्लिश म्हणजे मॅन्युअलपुरतं. चार वेळा लिहून चार वेळा पुसला. जिथून माल येतो त्या डीलरला फोन केला, तो म्हणाला, "मॅडम, कोणाची कंप्लेंट नाही, तुमचीच कशी?" सॉफ्टवेअरमधल्या अशा चुका कळवायला सरकारचंही एक ठिकाण आहे, हे मला नेटवर शोधल्यावर कळलं. तिथेही सगळं लिहून पाठवलं, आमच्याच टॉवेलवाल्या कॅमेऱ्याचं उदाहरण देऊन.

घरी येऊन फोनांची रडकथा सांगितली तर आई म्हणाली, "फोनवर काय कळतंय? घरी जायला पाहिजे."

"एवढ्या घरी? एकटी?"

"मी येते."

मला वाटलं, चेष्टा करतेय. सकाळी उठले तर ती चांगली साडी नेसून, पर्स घेऊन तयार.

"तू येऊन काय करणार?"

"तू वायर काढ. मी बोलते."

आमची स्कूटी त्या दहा दिवसांत जितकी पळाली तितकी आधीच्या दोन वर्षांत पळाली नव्हती. मागे आई, पुढे पायाशी हत्यारांची बॅग. उन्हाळा मी म्हणत होता. कॅम्प चारच्या गल्ल्यांमधून, अंबरनाथवरून बदलापूर. पहिल्या घरी गेलो, उल्हासनगरातच, शिवणकामाचं वर्कशॉप. मालकीणबाई दारातच हात आडवा धरून उभ्या. मी माझं टेक्निकल सुरू केलं, पेज, पासवर्ड, सॉफ्टवेअर. बाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

आई पुढे झाली. "ताई, मी हिची आई. माझ्या घरी हाच कॅमेरा आहे. मी नाचत होते. पदर खोचून. आणि कोणालाही दिसत होतं."

बाईंनी हात खाली घेतला. "अय्या! खरंच?"

"आत येऊ?"

दोन मिनिटांत वायर निघाली.

त्यानंतर मी तोंड उघडायचंच सोडून दिलं. आई दार वाजवायची, आई बोलायची, मी आत जाऊन वायर काढायचे. आणि गोष्ट घरागणिक वाढत गेली. पहिल्या घरी ती नुसती पदर खोचून नाचत होती. तिसऱ्या घरी काकूंच्या टाळ्या आल्या. सहाव्या घरी, अंबरनाथला एका सुनेने "कुठल्या स्टेप होत्या?" म्हणून विचारलं तर आईने पर्स माझ्या हातात देऊन त्यांच्या हॉलमध्ये गिरकी घेऊन दाखवली. सासू आणि सून दोघी टाळ्या वाजवत होत्या. मी टेबलाखाली, वायर हातात धरून, आईच्या पायांकडे बघत होते. दोन डावीकडे, दोन उजवीकडे.

खाली उतरताना मी विचारलं, "लाज नाही वाटली?"

"वाटली की," आई म्हणाली. "पण चोरून बघितलं तर लाज. मी आपण होऊन दाखवलं."

असं नव्हतं की सगळीकडे हसूच. एका घरी एका नवऱ्याने वायर काढायला नकार दिला, कारण त्याला ऑफिसातून बायकोवर लक्ष ठेवायचं होतं. तो तसं बोलला नाही, पण बायको मागे उभी होती आणि तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. आईने त्याच्याकडे तिच्या त्या मान वळवून बघण्याने बघितलं. "तुम्ही बघता तेच रस्त्यावरचा कोणीही बघू शकतो," ती म्हणाली. "चालेल?" त्याने स्वतःच वायर उपटली. दारापर्यंत बायको आम्हाला सोडायला आली आणि तिने आईचा हात नुसता दाबला.

मांजर्लीत मात्र आम्ही अडकलो. बदलापूर पश्चिमेला, नदीच्या बाजूची सोसायटी. तिथले सेक्रेटरी रिटायर्ड गृहस्थ, सगळ्या फायलींना रंगीत लेबलं. सोसायटीच्या ऑफिसात मोठा स्क्रीन, त्यावर सोळा कॅमेरे.

"आमचा पासवर्ड बारा अक्षरी आहे," ते म्हणाले. "कॅपिटल, स्मॉल, आकडे, चिन्हं. कोणाच्या बापाला सापडणार नाही."

पासवर्ड कागदावर लिहून डीव्हीआरलाच चिकटवलेला होता. पण मी त्याकडे बघितलंही नाही. "काका, तुमची परवानगी असेल तर पासवर्डशिवाय उघडून दाखवू?"

"उघडा!" त्यांनी हात पसरून म्हटलं.

माझ्या मोबाइलवर सोसायटीचं ऑफिस उघडलं. त्यात कॅमेऱ्याकडे पाठ करून काका उभे, हात पसरलेले, डोक्यावरचं टक्कल चकचकीत. मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी एक हात हलवला. स्क्रीनवरच्या काकांनीही जरा थांबून हलवला. त्यांनी दुसरा हलवला. मग ते हळूच टकलावर हात फिरवून म्हणाले, "मागून एवढं दिसतं?"

आई खिडकीकडे तोंड करून हसत होती.

पण वायर काढू म्हटल्यावर ते गंभीर झाले. "बाकीचे पंधरा बंद करा. गेटवरचा नाही करता येणार."

"का?"

"पाणी," ते म्हणाले. "पावसाळ्यात नदी वर आली की रस्त्यावर किती पाणी चढलं ते सगळे त्या कॅमेऱ्यावर बघतात. कोणी कामावर असतं, कोणाची आई घरी एकटी असते. तीन वर्षांपूर्वी आम्ही त्यावरच बघून खालच्या मजल्यावरच्या लोकांना वर घेतलं. तो बंद केला तर लोक मला खाऊन टाकतील."

मी विचार करत बसले. डीव्हीआर एकच, वायर एकच. चालू म्हणजे सोळा, बंद म्हणजे सोळा. जिन्यातले, लिफ्टमधले, मुलांच्या खेळायच्या जागेवरचा, सगळे एका दोरीत.

"गेटवरच्यात काय काय दिसतं?" आईने विचारलं.

"रस्ता. झाडं. गेट."

"माणसांची घरं?"

"नाही."

"मग नदीला काय लाज आहे," आई म्हणाली. "बघू दे कोणाला बघायचीय ती."

मला एकदम सुचलं. गेटच्या कॅमेऱ्याला दुकानातला जुना, वेगळ्या कंपनीचा छोटा रेकॉर्डर जोडायचा, त्यालाच फक्त नेट द्यायचं. तो मी आधी सगळ्या बाजूंनी तपासून घेईन. उरलेले पंधरा नेटपासून तोडायचे. शेठना फोन केला. ते म्हणाले, "ले जा, वैसे भी पड़ा है." दुसऱ्या दिवशी मी तो बसवला, शिडीवर चढून, आणि खाली सोसायटीतल्या बायका आईभोवती बसल्या होत्या. गोष्ट आता इथपर्यंत आली होती की काकूही नाचत होत्या आणि दारात बघायला माणसं जमली होती. मी वरून ओरडले, "आई, माणसं नव्हती!" खालून उत्तर आलं, "तू आपलं काम कर."

जूनचा अर्धा महिना गेला तेव्हा कंपनीचा मेल आला. सरकारी ठिकाणाहून त्याआधी एक नंबर आला होता, तुमची तक्रार नोंदवली, म्हणून. बहुतेक त्यांनीच कंपनीला हलवलं असावं. मेलमध्ये लिहिलं होतं की खोट खरी आहे, नवीन सॉफ्टवेअर सोबत पाठवत आहोत आणि ती शोधणाऱ्या संशोधकाचे आम्ही आभारी आहोत. संशोधक! मी तो शब्द तीनदा वाचला. मग शेठना वाचून दाखवला. त्यांनी शेजारच्या पंख्याच्या दुकानदाराला बोलावून आणलं, मी परत वाचला. त्याने त्याच्या भावाला बोलावलं. चौथ्यांदा वाचताना माझा आवाज चिरका व्हायला लागला होता. शेठनी सगळ्यांना कोल्ड्रिंक पाजलं आणि शेठच्या वडिलांचा घरून फोन आला की मुलीला मिठाई पाठवा, एक तुकडा मी चाखून पाठवतो.

नवीन सॉफ्टवेअर मी आधी आमच्याच घरी टाकलं. लिंक टाकली. पांढरं पेज आलं: पासवर्ड. मी पाच मिनिटं त्या पेजकडे कौतुकाने बघत होते. प्रत्येक बाजूने बघितलं, माझ्या मोबाइलवरून, बाबांच्या मोबाइलवरून, काकूंच्या. पासवर्ड, पासवर्ड, पासवर्ड. आईला म्हटलं, टॉवेल काढू? ती म्हणाली, "काढ. पण या वेळी शक्यच नाही असं म्हणू नको."

"नाही म्हणत. दर महिन्याला तपासेन, असं म्हणते."

"हे बरं."

मग परत सगळ्या घरांची फेरी. या खेपेला फोन केला की लोक ओळखायचे. "नाचणाऱ्या मावशी येणार आहेत का?" विचारायचे. आई दोन-तीन ठिकाणी आली, मग तिला कंटाळा आला. दोन गिऱ्हाइकं मला सापडलीच नाहीत. एक घर सोडून गावी गेलेलं, एकाचा नंबरच बंद. त्यांचे डीव्हीआर कुठे आहेत, नेटला आहेत की नाहीत, मला आजही माहीत नाही. ते नंबर माझ्याकडे वहीत लिहिलेले आहेत आणि वही उघडली की मन तिथे थोडं अडखळतं.

यादीतलं शेवटचं ठिकाण अंबरनाथची एक पिठाची गिरणी. त्या गिरणीवाल्याने फोन कधीच उचलला नव्हता, दोनदा गेले तर गिरणी बंद. तिसऱ्या वेळी उघडी सापडली. तो माणूस डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, भुवयासुद्धा. मी घाबरत घाबरत सांगितलं, काका, इतके दिवस तुमच्या गिरणीत काय चाललंय ते कोणीही बघू शकत होतं.

"बघा," तो म्हणाला आणि स्क्रीनकडे बोट केलं.

स्क्रीन पांढरीफटक. मी वर बघितलं. कॅमेऱ्याच्या काचेवर बोटभर पीठ साचलं होतं. दोन वर्षांपूर्वी मी तो बसवला होता, तेव्हापासून कोणी पुसलाच नव्हता. तिन्ही गावांत सगळ्यात सुरक्षित कॅमेरा हाच होता!

मी शिडी लावली, ओढणीने काच पुसली, पिठाने शिंकले, खाली येऊन सॉफ्टवेअर टाकलं. स्क्रीनवर गिरणी आली, गव्हाच्या गोण्या, चाळण आणि पट्ट्याशेजारी उभा असलेला तो पांढरा माणूस. तो जवळ येऊन स्वतःकडे टक लावून बघत राहिला.

"हा मी?" त्याने विचारलं.

"तुम्हीच."

"झालं तुमचं काम?"

"झालं," मी म्हणाले. ते ऐकताना मला स्वतःलाच इतकं भारी वाटलं की आणखी एकदा म्हणाले. "काका, झालं!"

त्याने मला दोन किलो ज्वारीचं पीठ दिलं, नको नको म्हणत असताना. मी ते स्कूटीच्या हुकाला लावलं, हेल्मेट घातलं आणि भर दुपारी, पिठाने भरलेल्या ओढणीसकट, मोठमोठ्याने गाणं म्हणत कॅम्प चारकडे निघाले.